कणकवलीहून दोन राजधान्या : भाडं, पाऊस आणि पत्रादेवीची सीमा

कणकवलीच्या माणसाच्या वाट्याला दोन राजधान्या आल्या आहेत. मंत्रालय, विद्यापीठ, टाटा रुग्णालय आणि घरटी एक तरी चाकरमानी यांच्यामुळे मुंबई. बांबोळीचं इस्पितळ, मोपाचं विमान, रोजगार आणि त्याच दिवशी परतीची सोय यांच्यामुळे पणजी. मुंबई उत्तरेला साधारण साडेचारशे किलोमीटर, पणजी दक्षिणेला शंभर-एकशे दहा. दोन्हींकडे नेणारा महामार्ग एकच, आजचा ६६ आणि पूर्वीचा १७. रूळही एकच, कोकण रेल्वेचा. नागपूर ही उपराजधानी आहे खरी, पण कामासाठी तिथवर जाणारे कणकवलीतले लोक मोजकेच.

पोर्तुगीजांनी १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा दिला. मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली १ मे १९६० रोजी. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला आणि १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात त्यानं महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. गोवेकरांनी आपला निर्णय घेतला आणि १९८७ मध्ये त्यांचं स्वतंत्र राज्य झालं. बांद्यापुढची पत्रादेवी त्यामुळे राज्याची वेस राहिली, आणि त्या वेशीचा परिणाम आजही कणकवलीच्या बसभाड्यात, पेट्रोलच्या बिलात आणि दवाखान्याच्या पावतीत दिसतो.

बाजारात, स्टँडवर, लग्नाच्या मांडवात सर्रास ऐकू येतं की मुंबईला जाणं महाग आणि गोवा स्वस्त, मुंबईत उकडतं आणि गोव्यात बरं असतं. दोन्ही समजुती अर्ध्याच खऱ्या आहेत. आपल्या प्रवासाचा खर्च अंतरावर जितका अवलंबून असतो, त्याहून अधिक तीन गोष्टींवर अवलंबून असतो असं माझं मत आहे. तिकिटात किती किलोमीटर धरले जातात, सवलत कुठे संपते आणि आपण कोणत्या महिन्यात निघतो, या त्या तीन गोष्टी. भाडं आणि हवामान हे दोन विषय आपण वेगळे बोलतो, पण आपल्या भागात ते वेगळे करता येत नाहीत.

आधीच्या पिढ्यांना हे सांगावं लागलं नसतं. मुंबई-गोवा आगबोटी विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला जात, आणि पावसाळा लागला की बंद होत. जूनपासून समुद्र मिटला की मुंबईला जायचं तर रस्त्यानं, नाहीतर फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं आणि तिथून रेल्वे धरायची. हवामानच तेव्हा वाहन ठरवत असे. बोटींची ती वाहतूक ऐंशीच्या दशकात संपली. २०२५ मध्ये भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गला वेगवान रो-रो बोट सुरू करण्याची घोषणा झाली, तेव्हा जाहीर झालेलं सर्वांत कमी भाडं २,५०० रुपये होतं. ज्यांच्या आजोबांनी डेकवर वळकटी पसरून प्रवास केला, त्या घरांना हे भाडं परवडणारं नाही.

सामान्य माणसाचं वाहन म्हणजे एसटी. जानेवारी २०२५ मध्ये एसटीनं १४.९५ टक्के भाडेवाढ केली. सहा किलोमीटरचा एक टप्पा आणि टप्प्याला साधारण दहा रुपये असा हिशेब धरला, तर साध्या गाडीनं कणकवली-मुंबई सातशेच्या पुढे जातं आणि पणजी दोनशेच्या आत बसतं. पण एसटीत पूर्ण भाडं भरणारे आता कमी राहिले आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ पर्यंत अर्धं तिकीट आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्या. म्हणजे कणकवलीची बाई मुंबईपर्यंत सगळा रस्ता अर्ध्या भाड्यात जाते, आणि पणजीला निघाली तर पत्रादेवीपर्यंत अर्धं आणि पुढे पूर्ण. गोव्याच्या कदंब महामंडळाच्या गाडीत बसली तर सवलतीचा प्रश्नच नाही. ऐंशी वर्षांची आजी परळला फुकट पोहोचते आणि बांबोळीला जाताना वेशीपुढचं भाडं मोजते. एसटीच्या या योजनांनी गावातल्या बायकांचं फिरणं किती वाढवलं ते स्टँडवर तासभर उभं राहिलं तरी कळतं; म्हणूनच शेवटच्या चाळीस-पन्नास किलोमीटरचं हे कुंपण अधिक बोचतं.

स्वतःची गाडी असेल तर हिशेब उलटा फिरतो. गोव्यात पेट्रोलवरचा कर कमी आहे. एप्रिल २०१२ मध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं तो एकदम उतरवला आणि पेट्रोल लिटरमागे ११ रुपयांनी स्वस्त केलं. कर नंतर पुन्हा चढत गेला, तरी सिंधुदुर्ग आणि गोवा यांच्या दरात लिटरमागे सात-आठ रुपयांचा फरक अलीकडेपर्यंत राहिला आहे. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी धरली, तर मुंबईला जाऊन येण्याचं पेट्रोल सहा हजारांच्या आसपास, वर टोल. पणजीला जाऊन येण्याचं दीड हजारात भागतं, आणि परतताना टाकी भरून घेतली तर त्यातलंही थोडं वसूल होतं. १५ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ झाला, ही एक बरी गोष्ट. योगायोग म्हणजे दोन्ही राजधान्यांच्या तोंडाशी आज एकेक अटल सेतू आहे. मांडवीवरचा २७ जानेवारी २०१९ ला खुला झाला, शिवडी-न्हावा शेवा १२ जानेवारी २०२४ ला. मुंबईच्या सेतूवरून एका खेपेला मोटारीला २५० रुपये पडतात, पणजीचा सेतू टोलविना ओलांडता येतो.

रेल्वेचा विषय मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, आणि अन्यायही तिथेच अधिक दिसतो. बॅ. नाथ पैंनी संसदेत मांडलेला, मधू दंडवत्यांनी लावून धरलेला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना मार्गी लागलेला आणि ई. श्रीधरन यांच्या हाताखाली उभा राहिलेला हा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुला झाला. तो नेहमीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून बांधला गेला नाही. १९९० मध्ये महामंडळ काढलं, केंद्राचा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के वाटा घातला आणि उरलेला पैसा कर्जरोख्यांतून उभारला. ते कर्ज फेडायचं म्हणून प्रवासी भाड्यासाठी अंतर ४० टक्के फुगवून धरायची मुभा मिळाली, मालवाहतुकीसाठी ५० टक्के. म्हणजे गाडी शंभर किलोमीटर धावते आणि आपण एकशे चाळीसचे पैसे देतो. मुंबई-मडगाव हे प्रत्यक्षात ५८० किलोमीटरच्या घरातलं अंतर भाड्याच्या हिशेबात ७६५ धरलं जातं.

आता याच गणिताकडे कणकवलीहून पाहा. फुगवलेलं अंतर रोह्याच्या पुढे लागू होतं. मुंबईला जाताना रोह्यापासूनचे शेवटचे सुमारे १४० किलोमीटर साध्या दरानं मोजले जातात, तेवढी तरी सूट मिळते. गोव्याच्या बाजूला सगळा मार्ग कोकण रेल्वेचाच, त्यामुळे करमळीपर्यंतचा प्रत्येक किलोमीटर दीडपटीला जवळ आलेला. जवळची राजधानी किलोमीटरमागे जास्त महाग पडते. एकूण रक्कम लहान असल्यानं ते खुपत नाही, इतकंच. शयनयानाचं मुंबईचं तिकीट साडेतीनशेच्या आसपास असल्यामुळे तिकडेही लोक तक्रार करत नाहीत, कारण खासगी बसच्या भाड्यापुढे ते स्वस्तच वाटतं. पण तीच रात्र मनमाड किंवा सोलापूरच्या दिशेनं काढणारा प्रवासी खऱ्या अंतराचे पैसे देतो, हे विसरू नये.

२२ मे २०१७ ला देशातली पहिली तेजस याच मार्गावर धावली आणि २७ जून २०२३ ला वंदे भारत सुरू झाली. वंदे भारतला कणकवलीचा थांबा मिळाला, आणि कोरड्या दिवसांत मुंबई सुमारे सहा तासांवर आली. वेळ वाचतो, पण भाडं शयनयानाच्या कित्येक पट. पणजीकडे मात्र सोयीचं गणित वेगळं. रात्री मुंबईहून सुटलेली कोकणकन्या सकाळी कणकवलीत येते आणि पुढे गोव्याला जाते, संध्याकाळी तीच उलट येते. दिवसभराचं काम त्यात बसतं. अडचण एवढीच की ती गाडी मुळात मुंबई-गोवा प्रवाशांसाठी आहे, आणि पणजीला स्वतःचं रेल्वे स्थानक नाही. थिवीला उतरा किंवा करमळीला. करमळीहून पणजी दहा-बारा किलोमीटर, थिवीहून वीसेक. बस मिळाली तर वीस-तीस रुपये, टॅक्सी केली तर कणकवलीपासूनच्या रेल्वेच्या तिकिटाच्या कित्येक पट.

शहरात उतरल्यावरचा खर्च हा दोन राजधान्यांमधला खरा मोठा फरक आहे. मुंबईत लोकलचं किमान तिकीट पाच रुपये, बेस्टचं ९ मे २०२५ पासून दहा, रिक्षाचं फेब्रुवारी २०२५ पासून सव्वीस आणि टॅक्सीचं एकतीस. मीटर पडतो आणि भाडं ठरलेलं असतं. गोव्यात मीटरचा अनुभव दुर्मीळ. ओला-उबर तिथे नाहीत, २०१८ पासून गोवामाइल्स आहे, पण स्टँडवरच्या टॅक्सीचा दर बोलून ठरवावा लागतो. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल-पायलट ही एकट्या माणसासाठी उत्तम सोय आहे, आजारी माणसाला घेऊन आलेल्या कुटुंबाला तिचा उपयोग नाही. पणजीतली खासगी बस स्वस्त आहे, तरी रात्री लवकर थांबते. शंभर किलोमीटर स्वस्तात आलेला माणूस शेवटच्या दहा किलोमीटरला लुटल्यासारखा होतो, आणि मुंबईत साडेचारशे किलोमीटर आल्यावर थोडक्या रुपयांत अंधेरीला पोहोचण्याइतकं शहर त्याला सांभाळून घेतं.

मुक्कामाचंही तसंच. गिरणगावात कोकणातल्या कितीतरी गावांच्या मंडळांच्या खोल्या होत्या. गावचा कोणीही आला की वळकटी टाकायला जागा मिळे, भाडं वर्गणीतून निघे. धोबीतलावच्या गोवेकरांच्या कूडी, म्हणजे त्यांच्या गावांच्या सामायिक खोल्या, याच जातीच्या. म्हणजे दोन्ही किनाऱ्यांनी मुंबईचा मुक्काम एकाच युक्तीनं स्वस्त केला होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, आणि मुंबईकर नातेवाईक दिवा, डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारला गेले. आजही बहुतेक कणकवलीकर मुंबईत हॉटेलात उतरत नाहीत, नातेवाइकांकडे उतरतात; फक्त ते घर आता दादरपासून दीड तासावर आहे. पणजीत असा आधार क्वचित. तिथे राहायचं तर लॉज, आणि डिसेंबरात लॉजचे दर पर्यटकांच्या हिशेबानं चढतात. एका दिवसाचं काम असेल तर पणजी स्वस्त, दुसरी रात्र राहावी लागली की मुंबई स्वस्त, हा नियम मी कितीतरी घरांच्या खर्चात पडताळलेला आहे.

विमानाबद्दल थोडक्यात. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, उडान योजनेत मुंबईचं तिकीट अडीच हजारांच्या आसपास मिळू लागलं, आणि योजनेची तीन वर्षं सरताच २०२४ मध्ये ती मुंबई सेवा थांबली. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटित झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडू लागली. पेडण्याचा हा विमानतळ कणकवलीपासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर आहे. परिणामी उत्तरेला मुंबईला उडायचं तर माणूस आधी दक्षिणेला गोव्यात जातो. दिल्ली-बंगळूरला जाणाऱ्यांसाठी मोपा हे वरदान आहे, यात शंका नाही.

आता हवा. मुंबई १९ अक्षांशावर, पणजी साडेपंधरावर, कणकवली सव्वासोळाच्या जवळ. साडेतीन अंशांचं अंतर तापमानात फारसं उतरत नाही. मे महिन्यात दोन्हीकडे दुपारचा पारा सरासरीनं ३३-३४ च्या दरम्यान, रात्रीचा २६-२७. फरक दिसतो तो जानेवारीच्या पहाटे. सांताक्रूझला सरासरी किमान तापमान १७ च्या आसपास उतरतं, कुलाब्याला आणि पणजीला मात्र ते १९-२० ला थांबतं. सांताक्रूझनं २२ जानेवारी १९६२ ला ७.४ अंशही पाहिलेत आणि १४ एप्रिल १९५२ ला ४२.२ अंशही. उत्तरेचा गार वारा आणि पूर्वेचा कोरडा वारा मुंबईपर्यंत पोहोचतो, पणजीपर्यंत येईतो त्याचा जोर ओसरतो. म्हणजे हवेत टोकं गाठणारी राजधानी मुंबई आहे, गोवा सम आहे. तरी ‘गोव्यात बरं’ ही समजूत घामाच्या बाबतीत खरी नाही; मे महिन्याची दमट दुपार दोन्हीकडे सारखीच जीव काढते. मुंबईत त्यावर काँक्रीटची रात्रीची ऊब आणि हिवाळ्यातली धुळकट हवा यांची भर पडते, दमेकऱ्यांनी डिसेंबर-जानेवारीत मुंबई टाळलेली बरी. आपल्या कणकवलीचं हवामान दोन्हींपेक्षा वेगळं आहे. समुद्रापासून आत आणि सह्याद्रीच्या पायथ्याजवळ असल्यानं इथली दुपार मालवणपेक्षा तापते आणि थंडीतली पहाट मालवणपेक्षा गार असते.

पावसात दोन राजधान्या स्पष्ट वेगळ्या होतात. पणजीचा वर्षाचा पाऊस २,९०० मिलिमीटरच्या आसपास, मुंबईत जून ते सप्टेंबर मिळून सांताक्रूझला सुमारे २,३०० आणि कुलाब्याला २,१००. आकड्यांतली खरी गोष्ट मात्र महिन्यांत आहे. जूनमध्ये पणजीत नऊशेच्या आसपास पाऊस पडतो, सांताक्रूझला ५३७. मोसमी वारे दक्षिणेकडून चढतात, गोव्यात ते काही दिवस आधी पोहोचतात, मुंबईची सरासरी तारीख ११ जून. सप्टेंबरात चित्र फिरतं. पणजीचा पाऊस तीनशेच्या आत येतो, सांताक्रूझचा साडेतीनशेच्या वर राहतो, आणि मुंबईतून मोसमी वारे परत फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. जूनमध्ये दक्षिणेची राजधानी जास्त भिजते, गणपतीच्या महिन्यात उत्तरेची. शिवाय मुंबईचा पाऊस एकाच शहरात दोन तऱ्हांचा असू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला आणि कुलाब्याला ७३.

प्रवाशाला शहरातल्या पावसापेक्षा वाटेवरचा पाऊस जास्त महाग पडतो. २२ जून २००३ च्या रात्री कारवारहून मुंबईला जाणारी विशेष गाडी वैभववाडीजवळ कटिंगमधून घसरलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. वैभववाडी आपल्या शेजारचा तालुका, त्या रात्री मदतीला धावलेली माणसं आजही त्याबद्दल हळू आवाजात बोलतात. तेव्हापासून पावसाळ्यात गस्त, दरडींवर जाळ्या आणि कमी वेग हे कोकण रेल्वेचं वेळापत्रकच झालं. आठ तासांच्या आत मडगाव गाठणारी वंदे भारत पावसाळ्यात दहा तासांच्या आसपास घेते आणि आठवड्यातून सहाऐवजी तीन दिवस धावते. मुंबईकडच्या वाटेवर २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं आणि रूळ बंद झाले. गोव्याकडची वाट त्या मानानं सुरक्षित समजली जाते, पण ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा जुना पूल पावसातच कोसळला होता आणि पणजीत शिरायला बेतीची फेरीबोट धरावी लागत होती. ऑगस्ट २०२० मध्ये पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली. ९ जुलै २०२४ ला मडुरे-पेडणे दरम्यानच्या बोगद्यात जमिनीतून पाणी आणि चिखल उसळला आणि गाड्या थांबल्या. शंभर किलोमीटरचा प्रवास त्या दिवशी साडेचारशे किलोमीटरच्या प्रवासाइतकाच अशक्य होता.

पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत चाले. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असं आखूड केलं गेलं. त्याच वर्षी मोसमी पाऊस २५ मे रोजी आपल्या शेजारच्या देवगडला पोहोचला आणि २६ मे रोजी मुंबईत, नोंदी ठेवायला लागल्यापासून इतक्या लवकर तो मुंबईत कधी आला नव्हता. वादळांचं वेळापत्रकही बदलतं आहे. नोव्हेंबर २००९ चं फयान, ऑक्टोबर २०१९ चं क्यार, जून २०२० चं निसर्ग, मे २०२१ चं तौक्ते. तौक्ते सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला झोडपत उत्तरेला गेलं, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मुंबईत कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा वारा दाखवला. मे आणि ऑक्टोबर हे प्रवासाचे कोरडे, खात्रीचे महिने धरून आपण लग्नं, परीक्षा, शस्त्रक्रिया ठरवत आलो. ती खात्री आता ठेवता येत नाही.

गणपती ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतो, म्हणजे नेमका मंद गाड्यांच्या दिवसांत. मागणी वर्षातली सर्वाधिक आणि रुळांवर जागा सर्वांत कमी. आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशे वीस दिवस आधी उघडे. ते उघडल्याबरोबर संपतं, आणि माणूस खासगी बसकडे वळतो. २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी बसना एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. गणपतीत या मर्यादेचं काय होतं ते प्रत्येक चाकरमान्याला माहीत आहे. २०२५ च्या गणपतीआधी कोकण रेल्वेनं मोटारी वाहून नेणारी रो-रो कोलाड ते वेर्णा सुरू केली, मोटारीमागे ७,८७५ रुपये. ज्याला ते परवडतं त्याला ती सोय आहे; अडलेला आहे तो जनरल डब्याच्या दारात उभा राहणारा.

दवाखान्याचा प्रवास या सगळ्यांत वेगळा धरला पाहिजे, कारण तिथे माणूस महिना निवडू शकत नाही. पणजी ओलांडली की महामार्गावरच बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय लागतं. १८४२ मध्ये पणजीत सुरू झालेली ही संस्था सिंधुदुर्गातल्या कित्येक पिढ्यांचा शेवटचा आधार राहिली आहे. जानेवारी २०१८ पासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं आणि सीमेपलीकडून येणाऱ्यांना पहिल्यांदाच परकेपणा जाणवला. ओरोसला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते जितकं सक्षम होईल तितक्या या खेपा कमी होतील. न्यायाच्या बाबतीत असा दिलासा मिळालाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला बसू लागलं आणि सिंधुदुर्गाच्या पक्षकाराची मुंबईची खेप वाचली. राजधानीचा प्रवास स्वस्त करण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे राजधानीचं काम जवळ आणणं, हे त्या एका निर्णयानं दाखवलं.

माझा निवाडा असा. एका दिवसाचं काम, तपासणी, विमान, मुलाखत असेल तर पणजी. तिथे पोहोचल्यावर टॅक्सीऐवजी बस धरता येईल अशा वेळी निघावं. जास्त दिवसांचं काम, लांबलेले उपचार, शिक्षण असेल तर मुंबई, कारण रस्ता लांब असला तरी शहर आत शिरल्यावर स्वस्त आहे आणि आपली माणसं तिथे आहेत. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत दोन्ही वाटा खात्रीच्या. जूनमध्ये दक्षिणेची वाट टाळता आली तर टाळावी, जुलैच्या उत्तरार्धात उत्तरेची. पावसात कुठेही जायचं असेल तर महत्त्वाच्या कामाच्या एक दिवस आधी पोहोचावं आणि त्या रात्रीचा खर्च प्रवासखर्चातच धरावा.

उरतं ते सरकारनं करायचं. कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्रानं २०२५ मध्ये संमती दिली आहे. विलीनीकरण होईल तेव्हा ४० टक्के फुगवलेलं अंतर त्याच दिवशी गेलं पाहिजे, नंतर कधीतरी नको. एसटीची ज्येष्ठांची आणि महिलांची सवलत पणजी आणि बांबोळीपर्यंत लागू व्हावी, त्यासाठी दोन राज्यांनी करार करावा, पन्नास किलोमीटरच्या भाड्याचा हा प्रश्न आहे. सकाळी सावंतवाडीपासून नव्हे तर कणकवलीपासून सुटणारी आणि संध्याकाळी परतणारी गोव्याची गाडी हवी. पुढच्या वेळी कोकण रेल्वेचं तिकीट काढाल तेव्हा त्यावर छापलेले किलोमीटर वाचा, नकाशावरच्या अंतराशी ताडून बघा, आणि आपल्या खासदाराला त्या फरकाबद्दल पत्र लिहा.